जास्तीची नळी

रावेर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाचा मसुदा काल रात्री वाचला. पहिल्याच पानावर तू लिहिलंस, ‘मेंदू आपली वायरिंग कमीत कमी ठेवतो.’ त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. चूक नाही, पण अर्धंच आहे, आणि पुढचं सगळं गणित त्या अर्ध्यावर उभं केलंस.

काटकसरीची बाजू नीट आली आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, आणि ऊर्जा खातो वीस टक्के. पेशींना जोडणारे लांब तंतू वाढवा, त्यावर मायलिन म्हणजे चरबीचं वेष्टन चढवा, संदेश पळवा, सगळ्याचं बिल येतं. म्हणून बहुतेक जोडण्या शेजारीपाजारीच. पण तूच ज्यांचा दाखला दिलास त्या मेंदूशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी तीन गोष्टींची बचत सांगितली होती: जागा, माल आणि वेळ. माल वाचवायला गेलं की वेळ जातो. हे भांडण तुझ्या मसुद्यात कुठेच नाही.

माझी केळीची बाग पाहिली आहेस ना? पहिल्यांदा ठिबक टाकलं तेव्हा मी सबमेनचा, म्हणजे पाणी वाटणाऱ्या जाड नळीचा, एक फाटा वाचवला आणि लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या बारीक नळ्या, दुप्पट लांब ओढल्या. नळ्या बसवणारा पोरगा म्हणाला होता, “सर, टोकाला प्रेशर राहणार नाही.” मी भौतिकशास्त्राचा मास्तर, मला कोण शिकवणार! सुरुवातीच्या झाडांशी चिखल, आणि टोकाला ड्रिपरचे थेंब बोटांवर मोजावेत असे. तिकडची झाडं उशिरा निसवली, घड हलके. पुढच्या वर्षी गुपचूप चारी खोदून तो फाटा टाकला.

मेंदूतही तसंच. मार्कुस कायझर आणि क्लाउस हिल्गेटाग या संशोधकांनी २००६ साली माकडाच्या मेंदूचं आणि एका सूक्ष्म कृमीच्या चेतापेशींचं जाळं तपासलं. मांडणी बदलली तर तार आणखी वाचू शकते, असं निघालं. मग निसर्गाने ती का वाचवली नाही? कारण लांबच्या जोडण्या काढल्या की संदेशाला जास्त टप्पे घ्यावे लागतात.

ठिबकाचा दाखला इथे संपतो, कारण पाणी एकाच दिशेने जातं. पुढचं भुसावळला पाहा. इथून अकोल्याला रेल्वेने जायचं तर उलटं भुसावळला यावं लागतं. वैताग येतो, पण गावोगाव स्वतंत्र रूळ टाकावे लागत नाहीत. मेंदूतही अशी जंक्शनं आहेत, आणि ती एकमेकांशी लांब, महागड्या तंतूंनी घट्ट बांधलेली आहेत. त्यांना धोकाही तेवढाच: अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचं प्रथिन अशाच भागांत जास्त साचलेलं दिसतं.

आता काम. नुसत्या यादृच्छिक, म्हणजे कशाही जोडलेल्या, जाळ्याशी तुलना करू नकोस. त्याच्यापुढे शेजार धरून असलेलं कोणतंही जाळं काटकसरीच दिसेल. भागांच्या जागा आणि प्रत्येकाच्या जोडण्यांची संख्या तीच ठेवून दोन जाळी बनव: एकात फक्त लांबी कमी करत जा, दुसऱ्यात फक्त टप्पे. मग खरं जाळं दोन्हींच्या मधे कुठे बसतं ते बघ. आणि लांबी सरळ रेषेत मोजू नकोस, तंतू वळसे घेत जातात.

दिवाळीला येशील तेव्हा आलेख कागदावर छापून आण. मोबाइलवर मला अक्षावरचे आकडे दिसत नाहीत.

तुझे,
सर