गाडी उभी करता आली पाहिजे

करंजी, ता. केळापूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हेवी लायसन्स हातात आलं हे वाचून फार आनंद झाला. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं झाल्याशिवाय जड मालवाहू गाडीचं मिळत नाही, आणि तेवढा दम तू धरलास. आपल्या भागातले किती पोट्टे त्याआधीच रात्री उस्तादाच्या, म्हणजे मोठ्या ड्रायव्हरच्या, जागेवर बसून गाडी हाकतात, हे तुला मी सांगायला नको.

तू दोन मालकांचं विचारलं आहेस. एक पगार जास्त देतो, पण गाडीवर तू एकटाच. दुसरा कमी देतो, पण त्याच्या लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. उत्तर देतो, पण शेवटी. आधी काही गोष्टी सांगितल्या नाहीत तर ते तुला पटायचं नाही.

गाडी चालवायला तू शिकलास. रिव्हर्स मारताना तुझा अंदाज चांगला आहे, गिअर टाकताना घाई करत नाहीस, हे मी पाहिलं आहे. मला काळजी आहे ती गाडी उभी करण्याची. कुठे लावायची, केव्हा लावायची, आणि मालकाचा फोन चालू असताना ‘लावतो’ म्हणायची हिंमत कुठून आणायची, हे क्लीनरला कोणी शिकवत नाही. माझ्या ओळखीची जी माणसं या धंद्यात जिवानिशी गेली, त्यातल्या बहुतेकांचा हात चांगला होता. थांबायच्या वेळी ती थांबली नाहीत.

सगळ्यात आधी झोप. रात्री दोन ते पाच हा वेळ वाईट. चहा पिऊन, तोंडावर पाणी मारून, गाणी लावून तो निघत नाही. अर्धा तास निघाल्यासारखा वाटतो. डोळे मिटायला लागले की थांबू, असं ठरवशील तर उशीर झालेला असेल. झोप त्याच्या आधी येते. मागचा टोल केव्हा गेला ते आठवत नाही, गाव गेलं पण पाटी वाचल्याचं आठवत नाही, स्टेअरिंगवरचा हात जड होतो, समोरच्या गाडीचा लाल दिवा उगाच जवळ आल्यासारखा वाटतो. यातली एक गोष्ट जरी झाली तरी पुढचा पेट्रोल पंप बघ आणि गाडी आत घे. समृद्धी महामार्गावर जास्त जप. सातशे एक किलोमीटर, ना चौक, ना बैल, ना समोरून गाडी. माणसाला जागं ठेवणारं तिथे काहीच नाही.

पण रात्रीची झोप आदल्या दुपारी बिघडलेली असते, आणि आपल्या विदर्भात तर जास्तच. मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला पारा पंचेचाळिसच्या वर गेला की केबिनचा पत्रा हाताला लागत नाही. एक ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची केली आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण तुला मिळणारी गाडी जुनीच असेल. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे चारला निघण्यापेक्षा सहाला नीघ, अकरा-साडेअकराला सावली धर आणि उन्हं उतरेपर्यंत पड. कडुनिंबाखाली लाव, दोन्ही दारं उघडी ठेव, ओला दुपट्टा छातीवर घे. एक गोष्ट मात्र मला वचन म्हणून हवी आहे: सावली मिळते म्हणून गाडीखाली चटई टाकून झोपायचं नाही. स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. गाडी ढळते, किंवा कोणी न बघता स्टार्ट करून नेतो. खाली माणूस आहे हे त्याला कळत नाही.

जागं राहायची गोळी, डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा), असलं काही कोणी चहात टाकून देऊ केलं तर उठून ये. डोडा बाळगणं गुन्हा आहे ते वेगळंच. त्याच्यावर चालवलेल्या रात्रीची झोप शरीर दुसऱ्या दिवशी वसूल करतं, आणि तीही गाडी चालू असताना.

आठ तासांची ड्यूटी आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिलेलं होतं; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. रस्त्यावर ते कोणी विचारत नाही. पण तुला माहीत असू दे, म्हणजे झोप मागताना आपण भीक मागतो आहोत असं वाटणार नाही. मालक फोनवर विचारेल, ‘कुठं पोहोचला बे?’ खोटं गाव सांगू नको. ‘झोप येऊन राहिली, गाडी लावली, सकाळी निघतो,’ एवढंच सांग. ओरडला तर ओरडू दे. घाई ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची, असेल तर त्यालाही वाट आहे. त्या बिलाला दोनशे किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, आणि मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. ते काम ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचं. तू वेळेत फोन करून सांगायचं.

आता घाट. सिवनीकडून भरून येताना कुरई उतरावा लागतो, हैदराबादच्या लाइनला निर्मलचा आहे, आणि सेंधव्याहून धुळ्याकडे उतरणारा बिजासन तर तू ऐकूनच आहेस. उतार लागला की न्यूट्रल करणारे तुला खूप भेटतील. मालक ट्रिपचं डिझेल ठरवून देतो, उरलं ते ड्रायव्हरचं, म्हणून हा खेळ. ते डिझेल वाचतच नाही, बेटा. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल जाणंच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे वाचलं काही नाही, आणि गाडी धरून ठेवणारं इंजिन तू सोडून दिलंस. मग सगळं वजन ब्रेकवर. ब्रेकचे ड्रम तापतात, आतला लायनर जळल्याचा कडवट वास केबिनमध्ये येतो, आणि पाय पूर्ण दाबला तरी गाडी नुसती पुढे सरकत राहते. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाक. अर्ध्यात टाकायला जाशील तर पडायचा नाही. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा, तो वापर. वास आलाच तर जागा बघून गाडी लाव, ड्रम आपोआप थंड होऊ दे. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं तर तडा जातो.

सकाळी निघण्याआधी टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन गाडीला एक फेरी मारायची, कितीही उशीर झालेला असो. प्रत्येक टायरवर ठोका. हवा भरलेला टायर टणटणीत वाजतो, टॉमी उसळून हातात परत येते. कमी हवेचा टायर ‘भद्द’ करतो. जोडी टायरमधला आतला बसलेला असला तरी बाहेरचा वजन उचलून धरतो, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही, कानालाच कळतं. दुपारी टायर तापून हवा वाढली तर सोडू नको. ती थंड झाल्यावर आपली आपण उतरते. तापलेल्यातून सोडलीस तर टायर बसतो, जास्त घासतो, आणखी तापतो, आणि तिथेच फुटतो. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणीही सकाळच्या फेरीतच काढून टाकत जा.

मालाचं थोडक्यात सांगतो. दहा टायरच्या गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टन पास आहे. २०१९ पासून ओव्हरलोडला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड. मालक म्हणेल, दंड मी भरतो. घाटात ब्रेकवर पाय तुझा असतो. वजनकाट्याची पावती मागून घे. कापसाच्या गाठी भरल्या तर ताडपत्री बांधून होईपर्यंत कोणाच्या हातात विडी दिसता कामा नये. गाठ वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते, आणि पुढच्या जिल्ह्यात पेट घेते. वरूड-मोर्शीची संत्री असतील तर तिथे घाई खरी असते, माल गरम होतो. म्हणूनच तसल्या लांबच्या भाड्याला दोन ड्रायव्हर हवेत.

दिवाळीनंतर आपल्याकडच्या रस्त्यांवर फार सांभाळून चालव. जिनिंगकडे कापसाच्या बैलबंड्या आणि ट्रॉल्या निघतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी, आणि वरून कापूस इतका फुगलेला की आपल्या लाइटमध्ये पांढरा ढीग अंगावर आल्यावरच दिसतो. खामगाव-अकोल्याच्या बाजूला शेगावला पायी निघालेली माणसं असतात, पहाटे अंधारात चालतात. त्यांना हॉर्न मारून बाजूला करायचं नसतं. आपण गिअर कमी करायचा.

रात्री मोटरसायकलवर निघालेली माणसं आपल्या उभ्या गाडीवर आदळून मरतात, हेही ध्यानात ठेव. गाडी बंद पडली की ड्रायव्हर दोन दगड आणि पराटीची (कापसाच्या झाडाची) फांदी ठेवून जॅक लावायला बसतो. मोटरसायकलवाल्याला ती फांदी अंधारात दिसत नाही. चारही इंडिकेटर लाव, त्रिकोण गाडीत ठेव आणि तो चांगला पन्नास पावलं मागे नेऊन ठेव. गाडी निघताना दगड रस्त्यावर सोडून जाऊ नको. आणि देवलापारच्या पुढे पेंचच्या जंगलात, जिथे जनावरांना खालून जायला रस्ता वर उचलला आहे, तिथे कुठल्याही कारणाने उतरू नको.

अपघात झाला तर, तुझ्या हातून होवो की दुसऱ्याच्या, पळून जाऊ नको. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि पोलिसात कळवणं ड्रायव्हरवर कायद्याने बंधनकारक आहे. लोक मारायला धावले तर जीव वाचवून सरळ जवळच्या ठाण्यात जा. कायद्यालाही ते समजतं, फक्त चोवीस तासांच्या आत कळवायला हवं. दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे, तेव्हा साक्षीत अडकू म्हणून भिऊन निघून जाऊ नको. १०८ अँब्युलन्सचा, १०३३ हायवेचा, ११२ पोलिसांचा. तिन्ही नंबर पाठ कर, फोनची बॅटरी ऐन वेळी उतरते.

तब्येतीचं तुझी आई सांगेलच. मी एवढंच म्हणतो की लघवी दाबून गाडी हाकू नको आणि त्या भीतीने पाणी कमी पिऊ नको. डोळे दरवर्षी तपास.

आता मालकाचं. दुसऱ्याकडे जा, पगार कमी असला तरी. पहिलं वर्ष तुझ्या शेजारी एक जाणता माणूस असला पाहिजे, आणि तू झोपलास तरी गाडी चालली पाहिजे. मात्र चावी घेण्याआधी त्याला समोर बसून विचार: फिटनेस आणि इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, ब्रेकचे लायनर शेवटचे कधी बदलले, लोडिंगला दोन दिवस उभं राहावं लागलं तर भत्ता मिळतो का, आणि रात्री गाडी लावली तर पगार कापतो का. शेवटच्या प्रश्नाला तो हसून विषय बदलायला लागला तर तिथेही जाऊ नको. माझ्याकडे ये, मी आणखी दोघांशी बोलून ठेवलं आहे.

जमलं तर गाडीचा नंबर आणि जोडीदाराचा फोन आईकडेही दे आणि मलाही पाठव.

तुझा,
काका