जीवशास्त्र सोडले, म्हणून ही वाट बंद झालेली नाही

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कर्करोगावरील कार्बन आयन उपचारात मात्रेचे नियोजन करण्याचे काम तिला करायचे आहे. बारावीला तिने जीवशास्त्र घेतले नव्हते. डॉक्टर न होता हे काम करता येते का? भारतात त्याला वाव आहे का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. डॉक्टर होण्याची गरज नाही. गाठीला किती मात्रा द्यायची हे कर्करोगतज्ज्ञ ठरवतात आणि ती शरीरात कशी पोचवायची याचा आराखडा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ तयार करतात. मात्र जीवशास्त्र कायमचे सुटले, असे तिने समजू नये, कारण या क्षेत्रातली खरी अडचण तिथेच आहे.

या उपचारात वेगवान कार्बन कणांचा झोत गाठीवर सोडतात. ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक; पण एक ग्रे क्ष-किरण आणि एक ग्रे कार्बन यांनी पेशींची हानी सारखी होत नाही. कार्बनचा कण आपल्या मार्गाच्या शेवटी फार दाट ऊर्जा सोडतो आणि तिथे डीएनएला झालेली इजा पेशीला सहसा दुरुस्त करता येत नाही. समजा, गाठीत सर्वत्र क्ष-किरणांच्या 3 ग्रेइतका परिणाम हवा आहे. जिथे कार्बनची सापेक्ष जैविक परिणामकारकता (तोच परिणाम साधायला क्ष-किरणांची मात्रा कार्बनच्या किती पट लागते, तो गुणक) 2 आहे, तिथे 1.5 ग्रे द्यावे लागतील. गाठीच्या मागच्या कडेला ती 3 असेल, तर 1 ग्रेच पुरेल. म्हणजे परिणाम एकसारखा हवा असेल, तर प्रत्यक्ष मात्रा मागे उतरती ठेवावी लागते. शिवाय हा गुणक ऊतीनुसार आणि दर बैठकीच्या मात्रेनुसारही बदलतो. प्रोटॉनच्या झोताने होणाऱ्या उपचारासाठी तो सरसकट 1.1 धरतात; कार्बनसाठी गणिती प्रारूपाशिवाय चालत नाही. जपानमध्ये चिबा येथे 1994 पासून आणि जर्मनीत डार्मस्टाट येथे 1997 पासून हे उपचार झाले, पण दोन्हीकडची प्रारूपे वेगळी असल्यामुळे कागदावरचा तोच आकडा दोन्हीकडे तीच मात्रा असतो असे नाही. आकड्यामागे काय गृहीत धरले आहे, हे विचारण्याची खोड मुलीला असेल, तर ती इथे रमेल.

पुढचा मार्ग सरळ आहे, सोपा नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिऑलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका (जागा थोड्या, स्पर्धा बरीच) आणि त्यानंतर किरणोपचार विभागात बारा महिन्यांची इंटर्नशिप.

रुग्णांवर कार्बन उपचार करणारे केंद्र भारतात अजून नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. प्रोटॉन उपचार चेन्नईत 2019 पासून आणि आता खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही (टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र) होतात. त्यामुळे नोकरीची सुरुवात बहुधा एखाद्या रुग्णालयातील लिनॅकवर (क्ष-किरणांनी उपचार करणारे नेहमीचे यंत्र) होईल, जिथे सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी यंत्राची मात्रा तपासणे हेही तिचेच काम असेल. कार्बनसाठी पुढे संशोधनानिमित्त परदेशी जावे लागेल. या सुट्टीत तिने पेशीशास्त्राचे प्राथमिक पुस्तक आणि पायथन ही संगणकभाषा हाती घ्यावी आणि जवळच्या किरणोपचार विभागात परवानगी घेऊन एक आराखडा तयार होताना पाहावा.