चेंडू की स्टेथोस्कोप?

प्रश्न : नातू बारावीला आहे. संध्याकाळी चिमणबागेत फुटबॉल, रात्री नीटचा अभ्यास. खेळ सोडायला लावू का? – एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, मुळीच नको. डॉ. तालिमेरेन आओ कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकता शिकता मोहन बागानकडून खेळत. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तेच भारताचे कर्णधार. आपले बहुतेक गडी अनवाणी! फ्रान्सकडून २-१ हरलो, दोन पेनल्ट्या वाया घालवून (हे मला अजून सलतं). १९५०मध्ये ते एमबीबीएस झाले, पुढे नागालँडच्या आरोग्यसेवेत रमले. मीही घोटा सुजवून घेऊन शवविच्छेदनाच्या तासाला लंगडत जायचो. झोप तेवढी सात तास हवी. रात्री दीडला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाताना सापडला, तर खुशाल कान धरा.