पहिला डीह्युमिडिफायर घेताना

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात डीह्युमिडिफायरचे, म्हणजे हवेतील ओलावा काढून घेणाऱ्या यंत्राचे, काहीच काम नसते. जुलै ते सप्टेंबर या काळात कपाटातील साड्यांना कुबट वास येऊ लागला आणि चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी दिसली, की त्याची आठवण होते. पहिलाच डीह्युमिडिफायर घेताना काय पाहावे, हे तुम्ही योग्य वेळी विचारले आहे. मात्र यंत्राआधी एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि आठवडाभर नोंद ठेवा, कारण घरातील आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तरच पुढचा खर्च सार्थकी लागतो.

सुरुवातीला एवढेच पाहा:

- कॉम्प्रेसर असलेलेच यंत्र घ्या. पेल्टियर पद्धतीची (कॉम्प्रेसरऐवजी विजेने थंड होणारी छोटी पट्टी वापरणारी) लहान, स्वस्त यंत्रे दिवसाला जेमतेम एक-दोन पेले पाणी काढतात. ती कपाटापुरती ठीक, खोलीसाठी नव्हेत.
- यंत्राच्या क्षमतेचा ‘दिवसाला १२ लिटर’ असा आकडा बहुधा ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. आर्द्रता उतरली की पाणी कमीच निघते, म्हणून थोडी मोठी क्षमता निवडा.
- नळी जोडण्याची सोय हवी, नाहीतर टाकी भरून यंत्र मध्यरात्री बंद पडते.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याच खोलीत कूलर सुरू ठेवणे: एक यंत्र हवेत पाणी सोडते आणि दुसरे तेच काढत बसते. पहिल्या पावसाळ्यात मीही हेच केले आणि वर भरलेली टाकी पाहून खूश होत होतो. खिडक्या बंद ठेवा, ५० ते ५५ टक्के पातळी लावा आणि यंत्रामुळे खोली थोडी गरम होते, याची कल्पना असू द्या. भिंतीत ओल झिरपत असेल, तर आधी गवंड्याला बोलवा.