पहिलं वाक्य अडलं तर

बाळा, शेतीवर लिहायचं म्हणून तासभर कोऱ्या वहीसमोर बसून तसाच उठलास म्हणतोस. कॉलेजात माझंही तेच व्हायचं, कारण पहिलंच वाक्य चांगलं हवं असा माझा हट्ट होता. तो आधी सोड. 'आपला देश कृषिप्रधान आहे' अशी सुरुवात तर नकोच.

सीतादहीचा, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेचा दिवस आठव. वेचणी सुरू होण्याआधी पऱ्हाटीत मांडलेला दहीभात, ओटीत पडलेला पहिला कापूस, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली आईची बोटं. त्यातलं जे आधी डोळ्यांपुढं येईल तिथून लिही, मग ते मधलं का असेना. आई जशी बोलली तसंच उतरव: "अवंदा बोंडं बारीक हायेत." वऱ्हाडी लिहायला लाजू नकोस. परीक्षेसाठी प्रमाण भाषेत नंतर बदलता येतं. आधीच बदलत बसलास की हात थांबतो. माझा कितीतरी वेळ यातच गेला.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. खोडरबर दप्तरातच राहू दे. मग आजीला मोठ्यानं वाचून दाखव, आणि ती "काय म्हनलं?" विचारेल तेवढंच वाक्य पुन्हा लिही.

विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, आपल्याकडं लिहिणाऱ्यांची वाट जुनी आहे. रविवारी पान घेऊन ये, अर्धं असलं तरी आण.