पाहुण्या बोटींच्या धक्क्यासाठी आलेल्या अनुदान-प्रस्तावात छाननी करणारे नेमके काय पाहतात?

तुम्ही लिहिले आहे की, अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठावरील एका लहान शहराच्या नगररचना विभागात तुम्ही प्रशिक्षणार्थी आहात, ‘बोटिंग इन्फ्रास्ट्रक्चर ग्रँट’ या, बाहेरगावाहून येऊन थोडे दिवस थांबणाऱ्या बोटींच्या सोयींसाठीच्या अनुदानाच्या प्रस्तावाचा मसुदा तुमच्याकडे आला आहे आणि तो तपासणारे लोक काय पाहतात हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. मी स्थापत्य अभियंता असून याच किनाऱ्यावरील एका राज्यात अशा प्रस्तावांच्या प्राथमिक छाननीत काही वर्षे सहभागी होतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी हा पैसा कोणाचा आहे ते लक्षात घ्या. 1998 च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना ‘यू. एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’ ही केंद्र सरकारची संस्था चालवते आणि तिचा निधी मुख्यतः बोटींच्या इंधनावरील आणि मासेमारीच्या साहित्यावरील करांतून येतो. म्हणजे बोट चालवणाऱ्याने भरलेला पैसा त्याच्याच सोयीसाठी परत येतो. त्यातही ही सोय फक्त 26 फूट किंवा त्याहून लांब, प्रामुख्याने हौसेसाठी वापरल्या जाणाऱ्या आणि एका ठिकाणी जास्तीत जास्त 15 दिवस थांबणाऱ्या बोटींसाठी आहे. लहान बोट ट्रेलरवर घालून घरी नेता येते. मोठ्या बोटीला मात्र रात्र पाण्यातच काढावी लागते. म्हणून मी प्रत्येक प्रस्ताव वाचताना संध्याकाळी सहाच्या सुमारास अनोळखी बंदराच्या तोंडाशी आलेल्या त्या पाहुण्याचा विचार करत असे, आणि तुम्हीही मसुदा त्याच्याच नजरेने वाचावा असे मला मनापासून वाटते.

शहराला थेट अर्ज करता येत नाही. प्रस्ताव राज्याच्या संबंधित विभागामार्फतच जातो. राष्ट्रीय स्पर्धेत एकूण 36 गुण असतात. त्यांपैकी 20 गुण गरज, खर्चाच्या मानाने होणारा लाभ आणि आसपासच्या ठिकाणांपर्यंतची पोच यांना, 10 गुण स्थानिक वाटा (म्हणजे खर्चातला अनुदानाबाहेरून उभा केलेला हिस्सा) व भागीदारी यांना आणि 6 गुण नावीन्याला आहेत. पहिल्या 20 पैकी 10 गुण एकट्या गरजेचे आहेत आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच कमी पडतात. ‘आमच्या शहराचा पर्यटनदृष्ट्या विकास होईल’ हे वाक्य मी असंख्य वेळा वाचले आहे. त्यातून गरज सिद्ध होत नाही. किनाऱ्याने दोन्ही दिशांना सर्वांत जवळचा पाहुण्यांसाठीचा धक्का किती सागरी मैलांवर आहे, तिथे किती जागा आहेत, उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या भरलेल्या असतात का आणि तुमच्या बंदरातून किती बोटी जागा नसल्यामुळे परत गेल्या, हे सांगितले की गरज आपोआप दिसते.

खोलीबाबत मात्र मी कधीच सूट दिली नाही. पाणी सर्वांत उतरलेले असतानाही धक्क्याशी किमान 6 फूट खोली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. एका शहराच्या नकाशावर प्रत्येक जागेपुढे सुबक अक्षरांत ‘7 फूट’ असे लिहिलेले होते. आम्ही पाहणीला गेलो त्याच्या आदल्या दिवसापासून वायव्येचा वारा जोरात वाहत होता. चेसापीकमध्ये भरती-ओहोटीचा फरक मुळात थोडा असतो, पण असा वारा सुटला की तो पाणी उपसागराबाहेर ढकलतो आणि पातळी नेहमीच्या ओहोटीच्याही खाली जाते. धक्क्याच्या टोकाशी मी खुणा केलेली काठी उभी धरली, तर ती साडेचार फुटांवरच मऊ गाळात रुतली. वर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळा चिखल लागलेला होता. शहराने कोणाला फसवले नव्हते. मोजणी भरतीच्या वेळी झाली होती आणि कोणत्या पातळीपासून मोजले हे नकाशावर लिहिलेच नव्हते. तरीही तो प्रस्ताव त्या वर्षी पुढे पाठवता आला नाही. तुमच्या नकाशावरील खोली कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणत्या आधारपातळीपासून मोजली आहे, हे आजच विचारून घ्या.

खर्चाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. तरंगत्या धक्क्यावर 20 जागा असतील आणि त्यांपैकी 8 वर्षभराच्या भाडेकरूंना दिल्या जाणार असतील, तर सगळा खर्च अनुदानाकडे मागता येत नाही. पात्र पाहुण्यांच्या वापरापुरताच हिस्सा मागायचा असतो आणि तो कसा काढला हे दाखवायचे असते. ही विभागणी जिथे स्पष्ट मांडलेली असे, तिथे बाकीच्या आकड्यांवरही माझा विश्वास बसत असे.

स्थानिक वाटा किमान 25 टक्के लागतो आणि त्याहून जास्त दिल्यास गुण वाढतात. भागीदारीसाठी मात्र नुसती पाठिंब्याची पत्रे जोडू नका. एखाद्या संस्थेने दिलेले पैसे, साहित्य किंवा श्रम प्रकल्पाच्या कामी येत असतील, तरच तिला भागीदार म्हणता येते. नावीन्याबद्दल फार चिंता करू नका. त्यातला एक गुण पर्यावरणाची काळजी घेतल्याबद्दल अधिकृत मान्यता मिळालेल्या बंदरासाठी असतो. तुमच्याकडे ‘क्लीन मरिना’ प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत जोडा.

मसुद्याला हात लावण्यापूर्वी बंदराच्या व्यवस्थापकाकडे जा आणि गेल्या दोन उन्हाळ्यांतील रेडिओ व फोनवरून आलेल्या चौकशीची वही मागा. ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवलेल्या बोटींची नोंद बहुधा तिथेच, पेन्सिलने केलेली सापडेल. अशी वही नसेल, तर या मोसमापासून ती ठेवायला सांगा आणि अर्ज पुढच्या वर्षी करा.