निवेदन, हरकत की म्हणणे?

प्रश्न असा आहे : "एखाद्या आर्थिक धोरणाचा किंवा नियमावलीचा मसुदा जाहीर झाला की लोकांकडून लेखी मते मागवतात. असे मत पाठवताना त्याला मराठीत काय म्हणावे? जाहिरातीत 'हरकती व सूचना' असते. पण माझी हरकत नाही आणि सूचनाही नाही. मसुदा योग्य आहे, एवढेच मला आकडेवारीसह सांगायचे आहे. सहकारी म्हणतात, 'सादरीकरण' लिहा."

सादरीकरण आधी बाजूला ठेवू. 'सादर करणे' हे क्रियापद इथे चपखल बसते, पण त्याचे नाम केले की अर्थ सरकतो. सादरीकरण म्हटले की पडद्यावरच्या स्लाइड तरी डोळ्यांपुढे येतात, नाहीतर रंगमंचावरचे नृत्य. 'सबमिशन' तसेच वापरावे, तर तो शब्द आपल्याकडे विद्यार्थ्यांनी पळवला आहे. सत्र संपताना जर्नलवर सह्या मिळवण्याची धावपळ म्हणजे सबमिशन.

'हरकती व सूचना' ही जोडी मात्र कायद्यातून आली आहे. विद्युत अधिनियम 2003च्या कलम 64 नुसार वीजदराच्या अर्जावर लोकांकडून आलेल्या सूचना आणि हरकती विचारात घेऊनच वीज नियामक आयोगाला 120 दिवसांत आदेश काढावा लागतो. तिथे सूचना आधी आणि हरकती नंतर आहेत. आपल्या तोंडी क्रम उलटा बसला आहे, आणि तो स्वभावाला धरूनच आहे म्हणा! मुळात अरबीतल्या 'हरकत'चा अर्थ हालचाल. हिंदीत ती वागणूक झाली, बहुधा आगाऊ वागणूक. मराठीत ती आडकाठी झाली, आणि त्यातूनच 'ना-हरकत प्रमाणपत्र' आले. हिंदी जाहिरातीत याच जागी 'आपत्ति एवं सुझाव' असते. ते शब्दशः मराठीत आणले, तर लोकांकडून आपत्ती मागवल्यासारखे होईल. सूचनेचाही घोळ आहेच. सरकार काढते तीही सूचना आणि आपण करतो तीही सूचना. म्हणून 'सूचना मागवणारी सूचना प्रसिद्ध झाली' असले वाक्य कुणी लिहिले तर त्याला चूक म्हणता येत नाही.

तुमची अडचण खरी आहे. या जोडीत समर्थनाला स्वतंत्र जागा नाही. व्यवहारात ते 'सूचना' या शीर्षकाखाली खपून जाते. पण तुम्ही योग्य शब्द विचारला आहे, खपणारा नव्हे.

मग सगळ्यांना सुचतो तो शब्द म्हणजे निवेदन. एके काळी तो अगदी नेमका होता. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगाला जे दिले, त्याला आपण निवेदनच म्हणतो. त्यात मागणी आहेच. पण आपण शाळा कशा चालवल्या हा अनुभव आहे, आणि सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, तर शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात का पडतो, असा रोकडा आर्थिक युक्तिवादही आहे. आयोगापुढे ठेवायचा मजकूर कसा असावा याचा तो नमुना आहे. पुढे हा शब्द झिजला. आज 'निवेदन दिले' म्हटले की तहसीलदारांच्या हाती कागद देणारे शिष्टमंडळ आणि त्याचा फोटो आठवतो. निवेदनात आता मागणी असते, सह्या असतात, 'अन्यथा आंदोलन छेडू' असते. पुरावा असलाच पाहिजे असे कुणी मानत नाही.

हा नुसता शब्दाचा कीस नव्हे. डिसेंबर 2015 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, इंटरनेटच्या भेदभावी दरांवर, म्हणजे कोणते संकेतस्थळ पाहता त्यानुसार बदलणाऱ्या दरांवर, सल्लापत्र काढून ठरावीक प्रश्न विचारले होते. निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेला पाठिंबा देणारे एकाच साच्यातले लाखो ईमेल आले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यात नाहीत, असे ट्रायने स्पष्ट सांगितले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये भेदभावी दरांना मनाई करणारे नियम काढले. प्राधिकरणाला अभिप्राय हवे होते आणि लोकांनी आजच्या अर्थाने निवेदने धाडली, असे मी त्याचे वर्णन करीन. मुद्देसूद प्रश्न विचारलेले असतील, तर 'अभिप्राय' हाच शब्द. त्यात अनुकूल-प्रतिकूल दोन्ही मावते. तो कळवायचा असतो, 'द्यायचा'ही चालतो. 'नोंदवणे' मला जरा अभ्यागतांच्या वहीतले वाटते.

'साक्ष' हा शब्द मात्र आपण विनाकारण कोर्टात कोंडून ठेवला. गोपाळ कृष्ण गोखले 1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे बोलले ती साक्षच. डॉ. आंबेडकरांनी 1925 मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे चलनाच्या प्रश्नावर दिली तीही साक्षच, आणि तोंडी साक्षीखेरीज त्यांचे लेखी टिपणही होते. ब्रिटिश संसदेच्या समित्या आजही लोकांनी पाठवलेल्या मजकुराला 'लेखी पुरावा' म्हणतात. तुम्हाला सुनावणीला बोलावले आणि प्रश्नोत्तरे झाली, तर बेलाशक 'साक्ष दिली' म्हणा. आरोपी-फिर्यादी असायलाच हवेत असे नाही.

आता माझे मत. कागदाला एकच सर्वसाधारण नाव द्यायचे तर 'लेखी म्हणणे'. वकिलांच्या मराठीत ते रोजचे आहे : म्हणणे मांडले, म्हणणे दाखल केले, म्हणणे ऐकून न घेता आदेश दिला. त्यात विरोध, पाठिंबा, माहिती, दुरुस्ती सगळे सामावते आणि आर्जवाचा सूर नसतो. 'मा. महोदयांच्या चरणी' छापाची प्रस्तावना त्यावर शोभतच नाही, हा वरचा फायदा.

एक खोट मात्र आहे. त्याचे अनेकवचन कानाला खटकते. 'आयोगाकडे शेकडो म्हणणी आली' व्याकरणाने बरोबर असले तरी कुणी लिहिणार नाही. तिथे 'शेकडो लेखी अभिप्राय आले' असे लिहावे.

तुमच्या पत्राचा विषय असा लिहिता येईल : 'अमुक मसुद्याच्या कलम 7 बाबत लेखी म्हणणे (समर्थनार्थ)'. जाहिरातीत 'हरकती व सूचना' असेच छापले असेल तर ते शब्दही विषयाच्या ओळीत राहू द्या. टपाल वेगळे करणारा कारकून तेच शब्द शोधतो.